एकही दगड न हलवता

बांध फुटला तेव्हा आमच्यापैकी कुणीही त्याचा एकही दगड हलवलेला नव्हता. ही गोष्ट नंतर अनेकांनी अनेकदा सांगितली आणि ती खरी आहे. खरी असूनही ती मी स्वतः कधी कुणाला सांगत नाही.

आधी गाड्यांबद्दल सांगायला हवं. रिमोटची गाडी म्हटली की लोकांना सुसाट धावणारं काहीतरी आठवतं. आमच्या गाड्या धावत नाहीत, दगड चढतात. त्यांना क्रॉलर म्हणतात. हातभर लांबीची जीप असते. चारही चाकं ओढतात आणि गिअर इतके खाली आणलेले असतात की आत मोटर किंचाळत असली तरी चाक मुंगीच्या पावलानं फिरतं. एखादा गुडघाभर दगड चढायला गाडी पाव तास घेते. पडते, पुन्हा लावतात, पुन्हा पडते. प्रौढ पुरुष त्याभोवती उकिडवे बसून श्वास रोखून पाहतात. हा छंद आहे आणि मी तो पुष्कळ वर्षं केला.

विकत आणलेली गाडी फारसं चढत नाही. तिला चढती करावी लागते. चढावर ती मागे उलटते, म्हणून वजन खाली आणि पुढे हवं. मोठ्या शहरांतले लोक त्यासाठी पितळेचे तयार तुकडे मागवतात. रत्नागिरीत बंदरावर जाळ्याचं शिसं मिळतं. जाळं पाण्यात सरळ बसावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीत ओवतात ते. ते आणायचं, हातोडीनं चेपून त्याची पट्टी करायची आणि पुढच्या चाकांच्या रिमवर टायरच्या आतून गुंडाळायची. शिसं हाताळलं की बोटं काळी पडतात. साबणानं ती साफ होत नाहीत, लिंबानंही होत नाहीत. जेवायला बसलं की तो काळेपणा भातावर उमटतो. आम्ही तसेच जेवायचो आणि त्याचं आम्हाला कौतुकही वाटायचं.

टायर हवेवर चालत नाहीत. त्यांच्या आत स्पंज भरतात. तो जुन्या गादीतून कापला तर फुकट पडतो. त्या गादीवर कोण किती वर्षं झोपलं होतं, हे कापताना नाकाला समजतं. पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, सर्व्हो, उघडून ग्रीसनं ठासून भरावी लागते, कारण इथली हवाच खारी. एका पावसाळ्यात स्क्रूची डोकी गंजून चपटी होतात. बेअरिंगमधून तांबडा चिखल बाहेर येतो. गाडी खोलली की टेबलभर जुन्या ग्रीसचा, जळलेल्या वायरीचा आणि कुजलेल्या स्पंजचा वास पसरतो. घरातली माणसं दार लावून घेतात. छंदी माणूस खूश असतो.

आमचा गट सातआठ जणांचा होता. त्यात बँकेतले होते, आंब्याचे बागायतदार होते, एक दातांचा डॉक्टर होता. या हकिगतीत महत्त्वाचे दोघे. एक बोटीवर चीफ इंजिनिअर. वर्षातले काही महिने समुद्रावर आणि बाकीचे रत्नागिरीत. त्याला सगळे चीफ म्हणत. त्याच्या गाडीच्या अॅक्सलचे भाग त्यानं बोटीवरच्या लेथवर स्वतः करून आणलेले होते, आणि तशी गाडी आमच्यात दुसरी नव्हती. दुसऱ्याचं मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं. तो चांगल्यापैकी गाडी चालवायचा, पण त्याचा खरा जीव व्हिडिओत. गाडी चढण्याआधी कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरलेलं असायचं.

गटाला नियम होते. गाडीला हात लागला तर लावणाऱ्यानंच 'हात!' असं ओरडायचं आणि पुन्हा खालून सुरुवात करायची. दुसऱ्यानं पाहिलं नसलं तरी. आणि सगळ्यात मोठा नियम, दगड हलवायचा नाही. निसर्गानं जसा ठेवलाय तसा चढायचा. वाट सोपी करण्यासाठी कुणी पायानं खडा जरी सरकवला तरी त्याला आठवडाभर चिडवत. या नियमाचा सगळ्यांना फार अभिमान होता. नव्या माणसाला पहिल्यांदा तोच सांगितला जायचा, देवळाच्या पायरीवर चपला काढायला सांगतात तसा.

एक गोष्ट मात्र चालायची, आणि चालायची म्हणण्यापेक्षा ती केलीच पाहिजे असं मानलं जायचं. ती म्हणजे वाट धुऊन घेणं. आपला जांभा दगड कोरडा असला की कानशीसारखा खरखरीत असतो. चाक धरून ठेवतो. पण त्यावर माती किंवा शेवाळ असलं की साबण. म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत काथ्याचा ब्रश आणि पाण्याची बाटली असायची. गाडी लावण्याआधी आपापली वाट घासून स्वच्छ करायची, सांदीतली माती स्क्रूड्रायव्हरनं काढायची, म्हणजे टायरचे दात कडांना पकडतात. दगड धुणं म्हणजे दगड हलवणं नव्हे. यावर कधी वादही झाला नाही.

संगमेश्वरच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत, एक पऱ्या आहे. पावसाळ्यानंतरही काही महिने वाहणाऱ्या ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात. ती जागा चीफनं शोधली. भात कापून झालेलं होतं, थंडी पडायला लागली होती. आम्ही रविवारी सकाळी गेलो. पात्रात घोटीव दगड होते, सावली होती, आणि वरच्या अंगाला वाडीचा बांध होता.

असा बांध कोकणात जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भात घरात आलं की वाडी एक दिवस ठरवते. घरटी एक माणूस येतो. पऱ्यातलेच दगड कमरेइतके रचायचे, सांदीत लाल माती, पेंढा आणि ओली पानं कालवून ठासायची. सिमेंट नाही. मागे पाणी तुंबतं, आणि बाजूनं काढलेल्या पाटातून ते खालच्या जमिनीत जातं. पुढच्या पावसात बांध वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालतात. आम्ही सगळे कोकणातले. बांध म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

खालून तो बांध तिरप्या भिंतीसारखा दिसत होता. मातीनं लिंपलेला, मधून मधून पाझरणारा, हिरवट. चीफ त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ही चढली तर बाकी काही चढायला नको."

तेवढ्यात खालच्या अंगाला असलेल्या मळ्याकडून एक बाई आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर रिकामी पाटी. ती आमच्या गाड्यांकडे पाहून थांबली.

"ह्ये काय?" तिनं विचारलं.

"गाड्या, काकी. रिमोटच्या," दुकानवाला म्हणाला.

"पोरांच्या?"

"आमच्याच."

ती हसली. "येवडे बापये, आनि खेळन्यातल्या गाड्या! बायका घरात घेतात काय तुमाला?"

"घेतात, पण गाड्यांना नाही घेत."

तिला ते आवडलं. ती पाटी खाली ठेवून दगडावर बसली. बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. बांधाच्या खाली जो मळा होता तो तिचा. माठ, मुळा, मिरची, थोडी वांगी. नवरा मुंबईत कुठल्याशा इमारतीवर वॉचमन. गणपतीला आणि शिमग्याला येतो.

"तो धाडतो पैसे. पन मी त्येला सांगितलाय, ते तुज्या आयशीच्या औषदाला ठेव. माजा मीठमिरची मळ्यावर चालता. बाजाराला भाजी नेली का कुनाकडं बगावा लागत नाय." मग तिनं बांधाकडे हात केला. "शिमग्यापर्यंत ह्येचा पानी पुरला पायजे. तवर मळा निगतो. मदीच पानी तुटला तर गेला सगला."

"आम्ही बांधावर चढणार नाही, काकी," चीफ म्हणाला.

"मग?"

"गाडी चढेल. तिचं वजन तान्ह्या पोराएवढंसुद्धा नाही."

तिनं गाडी उचलून हातात तोलून पाहिली. "गाडी चडू दे. मानूस चडू नको. आनि दगड काडू नका."

"दगड आम्ही कधीच हलवत नाही," चीफनं सांगितलं. हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला होता. ती पाटी उचलून निघून गेली.

मग वाट धुण्याचं काम सुरू झालं. चीफनं बांधाच्या तोंडावर तीन वाटा आखल्या. बँकेतला एक जण पऱ्यातलं पाणी बाटलीनं ओतत होता. दुसरा ब्रशनं घासत होता. दातांचा डॉक्टर सांदीतली माती स्क्रूड्रायव्हरनं कोरून काढत होता आणि त्याच्या धंद्यावरून इतरांचे विनोद चालले होते. माती लाल ओघळांनी खाली आली. पेंढ्याच्या काड्या लोंबल्या. काही वेळात हिरवट लिंपण जाऊन खाली स्वच्छ, काळसर, कडा असलेले दगड दिसायला लागले. सगळ्यांना ते फार सुंदर वाटलं. मलाही वाटलं.

चीफ बोटीवर गॅस्केट बदलत असतो. दोन लोखंडी भागांमध्ये जे मऊ असतं ते काढलं की काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. त्या सकाळी ते त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याला फक्त चाक दिसत होतं.

माझी गाडी अर्ध्यावरून उलटली. बाकीच्यांच्याही पडल्या. चीफची चढली. दोनदा त्याचा हात लागला आणि दोन्ही वेळा त्यानं स्वतः ओरडून सांगितलं, पुन्हा खालून सुरुवात केली. शेवटच्या वेळी पुढचं डावं चाक वरच्या दगडाच्या कडेला अडकलं, गाडी थरथरली, मागची चाकं सांदीत रुतून बसली, आणि मग ती सावकाश, अगदी सावकाश वर गेली आणि तुंबलेल्या पाण्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. लोक ओरडले. दुकानवाल्यानं ते तीन बाजूंनी टिपलं होतं. आम्ही निघालो तेव्हा बांध जागच्या जागी होता. पाझर थोडा वाढला होता. ते कुणीतरी बोललंही, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं की पाझर तर आधीही होता.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. गाडीतून उतरल्यावरच वास आला.

बांधाचा मधला भाग बसला होता. दगड फार लांब गेले नव्हते, तिथेच खाली पडले होते. मागचं पाणी निघून गेलं होतं आणि तळाचा चिखल उघडा पडून भेगाळायला लागला होता. त्या चिखलात लहान मासे पांढऱ्या पोटांवर पडले होते. खेकड्यांचे पाय तुटून वेगळे झाले होते, ते कावळ्यांचं काम असावं. एका खळग्यात हातभर पाणी उरलं होतं, त्यावर तेलकट तवंग, आणि त्यात बेडकांची पिल्लं एकमेकांवर चढत होती. माश्या इतक्या होत्या की आवाज येत होता. पाटात पाणी नव्हतं. पाटाचा तळ कोरडा होऊन त्यावर मुंग्यांची ओळ चालली होती.

दातांच्या डॉक्टरनं नाकाला रुमाल बांधला. मला वाटलं आता सगळे परत फिरतील.

"अरे, पण हे बघ," दुकानवाला म्हणाला. तो तळाकडे बोट दाखवत होता. पाणी गेल्यामुळे तिथले दगड उघडे झाले होते. गोल, मोठे, एकावर एक. आजवर कुणी न पाहिलेले. "नवीन सेक्शन मिळाला."

आणि ते उतरले. ब्रश निघाले. एकानं गाडी चिखलातून घातली. ती मेलेल्या माशांवरून गेली. टायरच्या दातांत खवलं आणि आतड्याचा तुकडा अडकला आणि चाकाबरोबर फिरत राहिला. तो हसला. "पापलेट एडिशन," असं म्हणाला. दुसऱ्यानं ते जवळून टिपून घेतलं. मी माझी गाडी पिशवीतून काढली नाही. याचं श्रेय मला नको. मला तो वास सहन होत नव्हता, एवढंच.

ती बाई मळ्यातून वर आली. या वेळी पाटी नव्हती. ती काठावर उभी राहून खाली तळात चाललेला प्रकार पाहत राहिली. तिला पाहून रिमोट एकेक करत खाली आले.

"बांद तुमी फोडलाव?" तिनं विचारलं.

"काकी, आम्ही एकही दगड हलवला नाही," चीफ म्हणाला. "खोटं वाटत असेल तर व्हिडिओ आहे. पूर्ण आहे, सुरुवातीपासून."

दुकानवाल्यानं खरोखर फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. ती वाकून पाहत होती. फोनमधून आमचे आवाज येत होते, डॉक्टरवर केलेले विनोद येत होते. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. गाडी वर गेल्यावर आमचा आरडाओरडा झाला तोही पाहिला.

"माती कशाला काडलाव?" तिनं विचारलं.

"चाक सरकतं ना मातीवर," चीफ म्हणाला.

"मग सरकू द्यायचा व्हता."

मग तिचा आवाज चढला. "मेल्यांनू, खेळन्यातली गाडी नाय चडली तर तुमचा काय जानार व्हता? माजा माठ हातभर आला व्हता. तीन दिस झाले, मी कळशीनं पानी घालतंय. कंबर ऱ्हायली नाय. आनि तुमी हितं परत आलाव, मेलेल्या माशांवर गाड्या फिरवायला?"

"काकी, आम्ही बांधून देऊ. पक्का बांधून देऊ," चीफ म्हणाला. तो खरोखर ओशाळला होता. तिथेच त्यानं टेपनं मापं घेतली.

चीफनं बांधलं ते असं. दोन दिवसांनी तो एका बागायतदाराला घेऊन गेला. पडलेले दगड त्यांनी रचले. माती कालवायला वेळ लागतो आणि हात घाण होतात, म्हणून सांदीत फोम मारला. खिडक्यांच्या चौकटीत मारतात तो, डब्यातून फवारायचा, फुगणारा. त्यावर सिलिकॉन लावलं. वर निळी ताडपत्री. सर्व्होत पाणी जाऊ नये म्हणून आम्ही जे करायचो तेच त्यानं मोठ्या प्रमाणावर केलं. फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

फोम फुगला आणि त्यानं दगड एकमेकांपासून दूर ढकलले. पाणी चढलं तसं ते त्याच्या खालून वाट काढून गेलं. पिवळे लोळे सुटे होऊन पाटात उतरले, मळ्यात गेले आणि मुळ्याच्या वाफ्यांत अडकून बसले. मी पाहायला गेलो तेव्हा बाई ते वेचून गोणपाटात भरत होती. ते हाताला चिकटत होते. एक तुकडा तिच्या शेळीनं चावून टाकला होता आणि शेळीच्या तोंडातून लाळेचा धागा लोंबत होता.

"वाडीतले काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हननार? बांद वर्साचा येकदाच घालतात. आता सगले आंब्याच्या फवारनीला जातात. दिसाची मजुरी बुडवून कोन येनार?" तिनं हाताला चिकटलेला लोळा गोणपाटाला पुसला. "आमच्यात घरटी येक मानूस देतात. तुमी गाडीमागं येक मानूस द्या. येक दिस. माती मी कालवतंय."

मी हे गटावर जसंच्या तसं लिहिलं. उत्तरं लगेच आली. एकाच्या घरी पाहुणे होते. एकाची पाठ धरली होती. एकानं लिहिलं की आपण मजुरांचे पैसे देऊ, त्यात आपला वेळही वाचेल, आणि त्याला पुष्कळांनी अंगठा दिला. एकानं विचारलं की कायद्यानं पऱ्या कुणाच्या मालकीचा आहे. चीफला बोटीवरून बोलावणं आलं होतं आणि तो निघून गेला होता. त्याच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की त्यानं बोटीवरून फोन करून काम झालं का ते विचारलं.

ठरलेल्या दिवशी तिघे आले. मी, दातांचा डॉक्टर आणि दुकानवाला. बाईनं सकाळीच माती भिजवून ठेवली होती. आम्ही फोम कापून काढला, दगड पुन्हा रचले, तिनं पेंढा आणि पानं घालून सांदी भरल्या. ती गुडघाभर चिखलात उभी राहून ठोसे मारून माती बसवत होती. डॉक्टर मुकाट्यानं काम करत होता. दुकानवाल्यानं पहिला तासभर केलं. मग आपल्या चिखलानं भरलेल्या पायांचा व्हिडिओ केला, मग तिच्या हातांचा, मग हळूच तिच्या चेहऱ्याचा.

"ता बंद कर," ती म्हणाली.

"काकी, लोकांना कळायला नको का आपण परत बांधला ते?"

"लोकांना काय करायचाय?"

त्यानं बंद केला. संध्याकाळी त्यानं व्हिडिओ टाकला, त्यात आमच्या नकळत टिपलेला भागही होता.

बांध चांगला झाला. पण मधल्या दिवसांत पऱ्याची धार बारीक झाली होती, दरवर्षी त्या सुमारास होते तशी. पाणी तुंबलं, चढलं, आणि पाटाच्या तोंडाच्या खाली वीतभर थांबलं. आम्ही आणखी काही दिवस वाट पाहिली. ते वर आलं नाही. कार्तिकात भरलेलं पाणी बांधानं धरून ठेवायचं असतं. पौषात ते नव्यानं भरत नाही.

तिनं मिरचीची रोपं कळशीनं जगवली. माठ आणि मुळा उपटून टाकला. मुळे बोटाएवढे, आत जाळीदार. शेळीसुद्धा पाला खाऊन मुळा टाकून देत होती. शिमग्याला नवरा आला तेव्हा मळ्याचा मोठा भाग नांगरून ठेवलेल्या जमिनीसारखा रिकामा होता.

व्हिडिओ मात्र चालला. चीफची गाडी बांध चढते तो, आणि त्याला जोडून मातीत हात घालणाऱ्या काकींचा, वर हळवं संगीत. खाली लोकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली होती. कोकणी माणसाचं मन किती मोठं, असं कुणीतरी लिहिलं होतं. आणि बरेच जण जागा विचारत होते. दुकानवाल्यानं सांगितली. पुढच्या काही आठवड्यांत घाटावरून दोन टोळ्या येऊन गेल्या. माझ्याकडेही एकाचा फोन आला. वाट नीट सांगा, बांधापर्यंत मोठी गाडी जाते का, वॉशरूमची सोय काय. मी फोन ठेवला. त्यानं दुसऱ्या कुणाकडून तरी विचारून घेतलं असणार, कारण मी पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा पऱ्यात पाण्याच्या बाटल्या, केळ्यांच्या सालींचा कुजका थर आणि दगडांमागे माणसांची घाण होती. दगड सगळे जागच्या जागी होते.

पुढच्या वर्षी भात कापल्यावर वाडी बांध घालायला जमली. या वेळी त्यांनी तो जुन्या जागी घातला नाही. पऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे करवंदीची जाळी आहे आणि पायवाट नाही, तिथे घातला. तिथलं पात्र अरुंद आहे, पाणी कमी तुंबतं. पाट लांबला. लांब पाटात निम्मं पाणी जमीनच पिते. जे उरतं ते वरच्या दोन-तीन घरांच्या जमिनीपर्यंत येतं. तिचा मळा सगळ्यात खाली होता. वाडीनं हे ठरवलं तेव्हा ती तिथेच होती, आणि तिच्या घरातून एक माणूस म्हणून तिनंही नव्या बांधाला दगड वाहिले. हे मला डॉक्टरनं सांगितलं. तो अजून अधूनमधून तिकडे जातो. गाडी न घेता.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली, आठवड्याच्या बाजारात. भाजीवाल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. मी तिला त्या ओळीत शोधलं, कारण डोळ्यांना तशी सवय असते. ती ओळीत नव्हती. ती ओळीच्या समोर उभी होती, हातात पिशवी घेऊन. माठाची एक जुडी उलटी करून मुळं पाहत होती.

"ह्यो कालचा हाय," ती बसलेल्या बाईला म्हणाली.

"आजचाच हाय गो. घे, सोडू नको."

"माठ मला शिकवू नको." मग तिनं मला पाहिलं. ओळखलं. मी मळ्याचं विचारलं.

"काजू लावलाय. त्येला पानी कमी लागता," ती म्हणाली. "फळ धरेपर्यंत मुंबईस्नं मागवतंय पैसे." तिनं जुडी खाली ठेवली, दुसरी उचलली, तीही उलटी करून पाहिली. "तुमच्या गाड्या हायत काय अजून?"

"आहेत."

"चडतात?"

"चढतात," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, कनवटीचे पैसे काढले आणि जुडी पिशवीत टाकली.